गुलाबी की नारिंगी

जानेवारीचा दुसरा रविवार, कोपरखैरण्याचा होल्डिंग पॉण्ड.
पाणी उतरलेलं, कडेला गवताचा ओला पट्टा
आणि त्यावर एक हंस. एकटाच.
सात दुर्बिणी, दोन तिपाया, चहाचा एक थर्मास,
आणि वाद.

मागे खाडीत रोहितांचा थवा उभा होता,
त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.
तो गुलाबी असतो असं मी वाचलंय.

कलहंस, म्हणाले पाटणकर.
पांढऱ्या कपाळाचा, म्हणाली निमिषा खारकर.
अगं, पण कपाळ कुठाय पांढरं?
पहिल्या हिवाळ्यात नसतंच काका, ते नंतर होतं.
जसं तुमचं.
पाटणकरांनी टोपी सारखी केली.

मग सगळे पोटावर आले.
पोटावर काळे पट्टे नाहीत. तेही नंतरच येतात म्हणे.
चोचीच्या टोकाला नख असतं, ते बघा,
फिकं असेल तर कलहंस, गडद असेल तर दुसरा.
चोच तर चिखलात.
राहिले पाय.
कलहंसाचे गुलाबी, त्याचे नारिंगी, इतकं सोपं.
"देवस्थळी, तुमची दुर्बीण भारी आहे. सांगा बघू रंग."

पाय मला दिसले. स्वच्छ दिसले.
दोन होते.

एकोणनव्वद साली बंदरातल्या नोकरीसाठी
डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं होतं,
यातला आकडा वाचा.
ठिपके सगळे मोजून दाखवले असते,
आकडा नव्हता.
मग एकतीस वर्षं बिलं लिहिली
ठाणे-बेलापूर रस्त्यावर, रंगाच्याच कारखान्यात.
बाहेरचा नाला रोज वेगळ्या रंगाचा वाहायचा,
असं लोक सांगायचे.

"पायांना चिखल आहे," मी म्हटलं.
खोटं नव्हतं तसं.

तेवढ्यात हिराजी मढवी पाग खांद्यावर टाकून
बांधावरून खाली उतरले.
"यो यकलाच कसा आयला?" त्यांनी विचारलं.
हा प्रश्न आमच्या कुणाच्याच वहीत नव्हता.
जाळं पाण्यावर पसरलं, गोल,
आणि हंस उठला.

उठला, वळला, डोक्यावरून गेला,
आणि पंखाची पुढची कड उघडली:
राख.
रात्रभर विझत गेलेल्या बंबातली,
सकाळी फुंकर घातली की उडते ती,
सगळ्यात वरची.

राखाडीत मला कुणी फसवू नये.
ओल्या सिमेंटचा वेगळा, वाळलेल्याचा वेगळा,
बोयाच्या पाठीचा, जुन्या पत्र्याचा,
सहा वाजताच्या पारसिकच्या डोंगराचा आणि
सव्वासहाच्या, तुम्ही ज्याला काळोख म्हणून सोडून देता,
सगळे वेगळे.
पांढऱ्या कपाळाच्याचा पंख इतका फिका नसतो.
त्यात तो ओरडलाही, घशातून, जाड,
उपवन तळ्यातल्या पाळीव हंसांसारखा.

"कलहंस," मी म्हटलं.
"पाय बघितलेत?"
"नाही. पंख."
"फोटो आला का कुणाला?"
निमिषाला शेपटी आली होती, अर्धी,
आणि एका इमारतीची गच्ची.

पाटणकरांनी वहीत लिहिलं:
हंस, एक. जात अनिश्चित.
स्वतःचंच म्हणणं सिद्ध होत होतं तरी लिहिलं,
माणूस सरळ आहे.
मी काही बोललो नाही. काय सांगणार,
की पाय मी बघितले होते,
नीट, दोन मिनिटं?

सगळे पांगल्यावर हिराजी पाग झटकत म्हणाले,
"मंग कोन व्हता त्यो?"
"कलहंस."
"नक्की?"
"नक्की."
"मंग लिवला का नाय?"
त्यांच्या पिशवीत चार बोय होते आणि एक खेकडा.

सेक्टरच्या कोपऱ्यावर पेरूवाल्याने
एक पेरू चिरून हातात दिला.
आतून गुलाबी आहे, साहेब, बघा.
मी बघितलं.
दोन किलो घेतले.